बुधवार तिसऱ्या मजल्याचा, गुरुवार चौथ्याचा

ठिकाण

तळघर. धुण्याची खोली. एक धुण्याचं यंत्र, एक सुकवण्याचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत सात दोऱ्या. वर एकच खिडकी, ती फुटपाथच्या पातळीवर उघडते. तिच्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात.

असं लिहिण्याची पद्धत माझी नाही, पहिल्या मजल्यावरच्या मादाम ब्लोंदेलची आहे. चौतीस वर्षं त्यांनी पॅलेसमधल्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या कचेरीतल्या, बैठकांची इतिवृत्तं लिहिली. कोण आलं, काय बोललं, किती वाजता उठलं. त्या मला म्हणाल्या होत्या, "ओदेत, जे बोललं गेलं तेवढंच लिहा. कोणाला काय वाटलं हे लिहायला घेतलंत की संपलं."

प्रयत्न केला आहे. जिथे जमलं नाही तिथे तसं कबूल केलं आहे.

उपस्थिती

मी, ओदेत फिगेइरास. मूळची पोर्तुगालची, जिनिव्हात एकतीस वर्षं. ही इमारत मी सांभाळते. जिने पुसते, दिवे बदलते, पार्सलं घेते आणि धुण्याच्या यंत्राची किल्ली कोणाकडे आहे ते लक्षात ठेवते.

तिसरा मजला: झमीरा. आपल्या देशाच्या वकिलातीत टंकलेखनाचं काम करते. वय चौतीस, एकटी. मला आपा म्हणते. तिच्याकडे मोठ्या बहिणीला तसं म्हणतात.

चौथा मजला: बेहझोद. शेजारच्या देशाच्या वकिलातीत तिसरा सचिव. बायको-मुलं घरी, म्हणजे तिकडे. मला मादाम ओदेत म्हणतो.

देशांची नावं मी लिहीत नाही. त्यांच्या सरहद्दीवर एक कालवा आहे. कालव्याचं पाणी कोणाचं यावरून मे महिन्यात दोघांनी संबंध तोडले. वकिलातींना तिकडून हुकूम आले की समोरच्याशी बोलायचं नाही, हात मिळवायचा नाही, लिफ्टमध्ये एकत्र चढायचं नाही. आमची लिफ्ट तशीही दोघांचीच आहे. तेव्हापासून बेहझोद जिन्याने जातो.

तिचं छत ही त्याची जमीन. ह्या सरहद्दीवरून मात्र अजून कोणी भांडलेलं नाही.

नियम (दारावर लावलेले, त्यातले लागतील तेवढे)

१. मजले सहा, वार सहा. ज्याचा वार त्याचं यंत्र. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी धुणं बंद.

३. आपला वार संपला की पुढच्या मजल्याला किल्ली हातोहात द्यावी. हुकावर, पायपुसण्याखाली, कुंडीत ठेवू नये.

५. गाळणीत अडकलेली कपड्यांची लव काढावी. (हे लाल शाईत, दोनदा अधोरेखित.)

७. सुट्टीमुळे ज्याचा वार बुडेल त्याला आदल्या दिवशी दुपारी एकपासून यंत्र मिळेल.

९. खोलीत विसरलेली वस्तू दोन दिवसांनी इमारत सांभाळणाऱ्या बाई हलवतील.

यापूर्वी काय झालं

मेपासून तिसरा नियम आमच्याकडे वाकडा झाला. बुधवारी संध्याकाळी झमीरा किल्ली माझ्या पत्रपेटीत टाकायची आणि गुरुवारी सकाळी बेहझोद माझ्याकडून न्यायचा. एक शब्द नाही. मादाम ब्लोंदेल म्हणाल्या, "अभिनंदन, ओदेत. तुम्ही संरक्षक सत्ता झालात. न बोलणाऱ्या दोन देशांमध्ये ये-जा करायची, आपलं स्विस सरकार शंभर वर्षं हेच करत आलंय, फक्त त्यांना गाडी मिळते."

चौदा जूनला कालव्याजवळ गोळीबार झाला. झमीराचा धाकटा भाऊ इल्यास त्या रस्त्याने दुधाची गाडी चालवायचा. दुसऱ्या दिवशी गाडी सापडली, काचा फुटलेली. इल्यास सापडला नाही. मेला म्हणून कोणी सांगेना, पकडला म्हणूनही सांगेना. झमीराने जिथे जिथे अर्ज करता येतो तिथे तिथे केला. तिच्या राजदूतांनी सांगितलं, थांबा. तिची आई रोज सकाळी सातला फोन करायची. मी सातला जिना पुसते, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर फोन वाजतो आणि एका मिनिटात बंद होतो हे मला माहीत होतं. एका मिनिटात "अजून नाही" एवढंच बोलून होतं.

ऑगस्टमध्ये पॅलेसमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. पकडलेल्यांची यादी बेहझोदच्या वकिलातीत आहे एवढं सगळ्यांना ठाऊक झालं. यादी द्यायची की नाही, हा मुद्दा सातवा होता. पहिला मुद्दा होता कोणी कुठल्या दाराने आत यायचं.

"आपा," झमीरा एकदा माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "त्याला फक्त विचार. यादीत आहे की नाही. एक शब्द."

"मी निरोप नेत नाही."

"निरोप नाही गं, प्रश्न."

"प्रश्नही नेत नाही."

याला कारण आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या मजल्यावरून पाचव्या मजल्यावर एक चिठ्ठी नेली होती. चिठ्ठीत वाढदिवसाचं आमंत्रण होतं, दुसरं काही नव्हतं. आठ दिवसांत पाचव्या मजल्याच्या कुटुंबाला मायदेशी परत बोलावलं. त्यांच्या मुलीचे स्केट्स अजून माझ्याकडे आहेत.

सांस्कृतिक

या गावात रोज संध्याकाळी कोणत्या ना कोणत्या देशाचा दिवस असतो. कुठे नाच, कुठे लाकडी मुखवटे, कुठे त्यांच्याकडच्या चीजची चव. उरलेली निमंत्रणं माझ्याकडे येतात, कारण खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर राजदूतांना वाईट वाटतं. मादाम ब्लोंदेल आणि मी जातो. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत, पण फुकटच्या वाइनसाठी उभ्या राहू शकतात.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी चौथ्या मजल्याच्या देशाने भरतकामाचं प्रदर्शन भरवलं. लाल डाळिंबं, काळे वेल. मंगळवारी तिसऱ्या मजल्याच्या देशाने भरतकामाचं प्रदर्शन भरवलं. लाल डाळिंबं, काळे वेल. दोन्हीकडे पाटी, 'आमच्या मातांची अडीच हजार वर्षांची कला'.

"काल पाहिलेलंच ना हे?" मी हळूच विचारलं.

"छे," मादाम ब्लोंदेल म्हणाल्या, "काल समोसे मटणाचे होते."

सुट्टीचा प्रश्न

सप्टेंबरातला पहिला रविवार झाला की पुढचा गुरुवार जिनिव्हाच्या उपवासाचा. सुट्टी. दुकानं बंद. उपवास कोणी करत नाही, सगळे प्लमचा टार्ट खातात.

यंदा मंगळवारी मी दारावर कागद लावला: 'गुरुवारी सुट्टी. नियम ७ पाहावा. बुधवार, एक वाजेपर्यंत तिसरा मजला. एकपासून चौथा मजला.'

लावताना मला काय वाटलं ते लिहायचं नाही असं ठरलं आहे.

बेहझोद खाली आला. त्याने कागद वाचला, मग नियम सात वाचला, मग पुन्हा कागद.

"मादाम ओदेत, मी हा आठवडा सोडतो. शर्ट आहेत माझ्याकडे."

"सोडता येतो. पण लेखी द्यावं लागेल. आणि कारण."

"कारण?"

"धुण्याच्या वहीत रकाना आहे."

तो त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिला. 'शेजारणीशी गाठ पडू नये म्हणून' असं लिहिणं म्हणजे ते कागदावर येणं. कागदावर आलं की त्याच्या राजदूताला कळवावं लागणार.

"एक वाजता येतो," तो म्हणाला.

पहिली फेरी. बुधवार, १२.५५

उपस्थित: तिसरा मजला, चौथा मजला, मी. मी गाळणी तपासायला गेले होते. गाळणी दर बुधवारी तपासत नाही.

बेहझोद पाच मिनिटं आधी आला, हातात निळी टोपली. यंत्र चालूच होतं. वर लाल आकडा: १८.

"अठरा मिनिटं," तो मला म्हणाला. तिला नाही.

"मी साडेअकराला लावलं होतं," झमीरा मला म्हणाली. त्याला नाही. "मध्येच वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं."

वीज गेली नव्हती. असती तर मला कळलं असतं. यंत्राचं दार मध्येच उघडत नाही, ते संपल्यावरच सुटतं. म्हणजे अठरा मिनिटं कोणीही काही करू शकत नव्हतं.

मग ती त्याच्याकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. दोघांची भाषा एकच आहे, एवढं मला प्रदर्शनांवरून कळलं होतं.

"फ्रेंचमध्ये बोला, मादाम," तो म्हणाला. "मादाम ओदेतना समजलं पाहिजे. उद्या कोणी विचारलं तर काय बोलणं झालं ते त्या सांगतील."

"बरं." झमीराचं फ्रेंच ऑफिसातलं आहे, नीट इस्त्री केलेलं. "माझ्या भावाचं नाव इल्यास. सव्वीस वर्षांचा. दुधाची गाडी. चौदा जून."

"तो विषय समितीपुढे आहे."

"समिती दाराचं बघतेय."

"दाराचं ठरलं. काल ठरलं. दोन दारं."

"वा! महिनाभरात दोन दारं. सुतारसुद्धा लवकर करतो."

"आता टेबल आहे," तो म्हणाला, आणि स्वतःलाच ते कसं ऐकू आलं हे त्याच्या तोंडावर दिसलं. "टेबलाच्या आकाराचं."

"गोल करा. चौकोनी करा. माझ्या आईच्या स्वयंपाकघरातलं आणून देते हवं तर, त्याला तीन पाय आहेत. पण यादीत नाव आहे का एवढं सांगा."

"मादाम, मला उत्तर देता येत नाही."

"यादी टाइप कोणी केली?"

त्याने टोपलीतला वरचा शर्ट उचलून पुन्हा टोपलीत ठेवला.

"मीही टाइपच करते हो. तिसरे सचिव काय करतात ते मला माहितीय. तुम्हीच केलीत."

"मादाम ओदेत," तो माझ्याकडे वळला, "लिहून ठेवा, मी उत्तर दिलं नाही."

"मी इतिवृत्त नाही लिहीत, मस्यू," मी म्हटलं. तेव्हा लिहीत नव्हते.

आकडा सात. सहा. खिडकीतून एका बाईचे लाल बूट गेले, मागे कुत्र्याचे चार पाय.

यंत्र थांबलं. दार सुटलं. झमीराने चादर ओढून काढली. घरून आणलेली मोठी चादर, कडेला लाल डाळिंबं, काळे वेल. पाणी नीट निथळलं नव्हतं, फार जड होती. एक टोक जमिनीवर लोळणार, तेवढ्यात त्याने ते धरलं.

मला वाटत नाही त्याने ठरवून धरलं. (मादाम ब्लोंदेल हे खोडतील.)

दोघांनी चादर ताणली, आणि ती उजवीकडे, तो डावीकडे, पिळायला लागले. पाणी हौदात. मग उलटं. मग पुन्हा. आमच्याकडे पोर्तुगालमध्येही पिळतात, पण हे लोक शेवटी एक झटका देतात आणि चादर फटकन वाजते. दोघांनी एकाच क्षणी दिला.

"असं तुम्हाला कोणी शिकवलं?" तिने विचारलं.

"आईने," तो म्हणाला. "तुम्हाला?"

"दोन हजार पाचशे वर्षांपूर्वी."

त्याला हसू आलं होतं की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण तेवढ्यात मादाम ब्लोंदेल दारात काठी टेकून उभ्या राहिल्या.

"एक वाजून सोळा मिनिटं," त्या म्हणाल्या. "नियम सात म्हणतो एक. तिसऱ्या मजल्याने सोळा मिनिटांचं अतिक्रमण केलं आहे."

"वीज गेली होती, मादाम," बेहझोद म्हणाला.

झमीराने त्याच्याकडे बघितलं. मीही. तो आपले शर्ट यंत्रात भरत होता, एकेक, गरजेपेक्षा हळू.

तिने किल्ली यंत्रावर ठेवली. हातात दिली नाही. फेरी संपली, १.१९.

वगळलेला मजकूर

बुधवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर जे रडणं ऐकू आलं ते या इतिवृत्तात घेतलेलं नाही.

दुसरी फेरी. गुरुवार, उपवास, सकाळी १०.१०

माझं दार वाजलं. बेहझोद. टाय लावलेला, हातात बेकरीचा खोका.

"मादाम ब्लोंदेल म्हणाल्या, आज शेजाऱ्यांना टार्ट देतात."

"असं काही नाही. आपापला खातात."

"अच्छा." खोका तसाच पुढे. "प्लमचे संपले होते. जर्दाळूचा आहे."

"आज जर्दाळूचा कोणी खात नाही, मस्यू."

"मला माहीत नव्हतं." पण तो हलला नाही. त्याने जिन्याकडे पाहिलं, वर आणि खाली. मग म्हणाला, "आपा."

इतक्या वर्षांत त्याने मला असं कधी म्हटलं नव्हतं.

"परवा आमचा एक माणूस विमानाने घरी जातोय," तो म्हणाला. "तिकडे डोंगरात ऑक्टोबरातच थंडी पडते. जूनमध्ये जे आले ते चपलांवर आले. गाडी चालवताना लोक चपलाच घालतात." त्याने खोक्याची सुतळी सरळ केली. "तिला विचारा, भावाच्या बुटाचं माप काय."

"मी निरोप नेत नाही."

"माहीत आहे."

"प्रश्नही नेत नाही."

"तेही माहीत आहे. मादाम ब्लोंदेलनी सांगितलं." त्याने खोका माझ्या हातात ठेवला. "कोणी विचारलं तर मी टार्ट द्यायला आलो होतो. ते खरंच आहे. टार्ट आहे."

तो जिन्याने वर गेला. तिसऱ्या मजल्यावरून जाताना पावलं मंदावली नाहीत. मी ऐकत होते.

मी खोका टेबलावर ठेवला. सुरी काढली. सुरी परत ठेवली. कपाटावरच्या त्या स्केट्सकडे पाहिलं. ती मुलगी आता तिशीची असेल, तिच्या पायाला ते कधीच बसणार नाहीत. जपून ठेवले, तेल लावून ठेवले, पण द्यायचं कोणाला ते राहून गेलं.

मग लिफ्ट घेतली नाही. जिन्याने गेले.

तिसरी फेरी. गुरुवार, १०.२५

झमीराने दार उघडलं. डोळे सुजलेले, केस ओले.

"इल्यासच्या बुटाचं माप काय?" मी विचारलं.

"त्रेचाळीस," ती म्हणाली. सवयीने, कोणी भाकरीचा भाव विचारावा तसं. मग तिने दाराची कड धरली. "का?"

मी तिचं पायपुसणं पायाने सरळ केलं.

"कोणी विचारलं?"

"कोणी नाही. तिकडे ऑक्टोबरात थंडी पडते."

"आपा. मेलेल्या माणसाच्या बुटाचं माप कोण विचारतं?"

"मला माहीत नाही."

"कोण विचारतं, आपा? कोणी विचारत नाही ना? सांग, कोणी विचारतं का?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी विचारत नाही."

ती तिथेच उंबऱ्यात खाली बसली. थोड्या वेळाने उठली, आत गेली, कपाटाच्या वरच्या फळीवरून एक खोका काढून आणला. तपकिरी बूट, आत लोकर, कागदही न काढलेला. इल्यास उन्हाळ्यात इकडे येणार होता. तिने जानेवारीच्या सेलमध्ये घेऊन ठेवले होते.

"डाव्या पायाचा अंगठा जरा मोठा आहे त्याचा," ती म्हणाली. "लहानपणी बैलाने तुडवला. डावा थोडा सैल करून घ्यायला सांगशील?"

"मी निरोप नेत नाही," मी म्हटलं.

ती हसली. नाकाने, वाईट आवाज काढत, पण हसली. मग डाव्या बुटात तिने स्वयंपाकघरातला लाकडी चमचा ठोकून घातला, रात्रभर ताणला जावा म्हणून.

आईचा सातचा फोन होऊन गेला असूनही तिने फोन उचलला आणि आईला स्वतःहून लावला. मी दार ओढून घेतलं. जिन्यात चौथ्या पायरीवर होते तोवर एक मिनिट होऊन गेलं होतं, आणि ती बोलतच होती.

विसरलेली वस्तू

गुरुवारी संध्याकाळी खोका धुण्याच्या यंत्रावर होता. धुणं बंद, पण खोली उघडी असते.

शुक्रवार पाचव्या मजल्याचा. तिथे दातांची डॉक्टर राहते, फार टापटीप बाई. वहीत तिची नोंद: 'यंत्रावर बुटांचा खोका. कोणाचा? शिवाय गाळणीत लव.'

खाली माझी नोंद: 'बूट माझे. लव चौथ्या मजल्याची.'

एकतीस वर्षांत मी त्या वहीत लिहिलेलं हे पहिलं खोटं. लव खरोखर चौथ्या मजल्याची होती.

शनिवारी सकाळी सहाला मी कचऱ्याचे डबे बाहेर काढायला गेले तेव्हा खोका नव्हता. लाकडी चमचा यंत्रावर होता, धुऊन, पुसून ठेवलेला.

जर्दाळूचा टार्ट मादाम ब्लोंदेलनी आणि मी संपवला. "चूक आहे," त्या म्हणाल्या, "पण वाईट नाही." आणखी एक तुकडा घेऊन म्हणाल्या, "ओदेत, तुम्ही काही लिहिताय असं ऐकलं. मला दाखवा."

"भावना आहेत त्यात, मादाम."

"किती?"

"तीन-चार ठिकाणी."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी चौतीस वर्षं खोडल्या. उपयोग झालेला मला तरी दिसला नाही."

निवेदन

संयुक्त निवेदन निघालं नाही. पॅलेसमध्ये टेबल लांबट ठरलं, आता खुर्च्यांचं चाललं आहे. यादी अजून सातव्या मुद्द्यावर आहे. इल्यास कुठे आहे ते झमीराला माहीत नाही. आहे एवढं माहीत आहे.

पुढच्या बुधवारी संध्याकाळी सहा वाजता मी पत्रपेटीत पाहिलं. किल्ली नव्हती. सव्वासहाला पुन्हा पाहिलं. मग जिन्यात गेले, दिवा बदलायला. दिवा चालू होता.

तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं. पावलं वर गेली, एक मजला. चौथ्याची घंटा वाजली, एकदाच.

"किल्ली," झमीरा म्हणाली. फ्रेंचमध्ये.

"आभारी आहे, मादाम."

"गाळणी साफ केली आहे."

"बघतो."

"बघाच. मागच्या वेळी तुम्ही केली नव्हती."

दार बंद झालं. पावलं खाली आली.

वहीत नोंद केली: बुधवार, ६.२०. किल्ली दिली, हातोहात. नियम ३.